तितराचा पत्ता

गुडगाव किंवा नोएडातल्या नव्या गृहसंकुलाच्या कुंपणभिंतीला दोन बाजू असतात. आतल्या बाजूला रोज पाणी मिळणारी हिरवळ, कात्रीने एका उंचीत राखलेली मेंदी, ओळीने उभे केलेले शोभेचे खजूर. बाहेरच्या बाजूला कज्ज्यात अडकलेला एखादा भूखंड: वाळके गवत, बोराटीची झुडपे, राडारोड्याचे ढीग, मधूनच कुणीतरी टाकलेला मोहरीचा तुकडा. उजाडताना या दुसऱ्या बाजूने एक खणखणीत हाक येते, तीन अक्षरांची, प्रत्येक वेळी थोडी चढत जाणारी. हिंदी बोलणाऱ्यांना ती 'पतीला, पतीला' अशी ऐकू येते. ही तितराची हाक. पाणी आहे, सावली आहे, कुणी त्रास देणारा नाही, अशा आतल्या बागेकडे हा पक्षी सहसा फिरकत नाही. आणि आपण ज्याला 'ओसाड' म्हणून नाक मुरडतो त्या तुकड्यात त्याचा संसार असतो. मोर मात्र दोन्हीकडे दिसतो, भिंतीवर बसलेला तर हमखास. एकाच कुळातल्या दोन पक्ष्यांचे वागणे इतके निराळे का, हे ज्याला कळले त्याला जमिनीवरचा पक्षी कुठे शोधायचा तेही कळले.

मुळात हा शिकाऱ्याचा प्रश्न. जगभर फेझंट आणि त्यांचे भाऊबंद शोधणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमीन वाचण्याचे एक शास्त्र तयार केले: कुठल्या झुडपात पक्षी दुपार काढेल, कुठल्या बांधावरून तो पिकात उतरेल, वारा कुठून असला तर कुठे दडेल. भारतात आज हे शास्त्र बंदुकीसाठी वापरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. कायद्याच्या भाषेत गोळी घालणे तेवढी शिकार नव्हे. फास मांडणे, जाळे लावणे, हाका घालून पक्षी उठवणे, आमिष दाखवणे, घरटे किंवा अंडी हलवणे, हे सगळे शिकारीतच मोडते. मोर तर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. त्याला मारल्यास ३ ते ७ वर्षे तुरुंगवास. म्हणून या लेखात 'चांगली जागा' म्हणजे पक्षी पाहायची, ऐकायची आणि टिकवायची जागा. पण जागा ओळखायची रीत शिकाऱ्याचीच, आणि ती टाकून देण्यासारखी नाही.

फेझंट म्हणजे कोण?

मराठीत फेझंट या शब्दाला एकच घरगुती प्रतिशब्द नाही, कारण महाराष्ट्रात या मंडळींपैकी मोर आणि रानकोंबडेच काय ते भेटतात. हे सगळे कोंबडीचे कुळ. त्यात मोर, रानकोंबडा, हिमालयातले मोनाल, चीर, कोकलास, कालिज हे मोठे, बहुतेक लांब शेपटीचे पक्षी म्हणजे खरे फेझंट. तितर आणि लावा हे त्याच कुळातले ठेंगणे, आखूड शेपटीचे नातेवाईक. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात काटेकोर अर्थाने फेझंट एकच, तो मोर. कालिज किंवा लाल रानकोंबडा पाहायचा तर दोनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला, हरियाणाच्या टोकाला शिवालिकच्या पायथ्याच्या कालेसरकडे जावे लागते. पण दिल्लीकरांना कुळातले दोन तितर घराजवळ मिळाले आहेत: राखी-तपकिरी, बारीक नक्षीचा करडा तितर, आणि काळ्या छातीचा, गालावर पांढरा डाग व गळ्यात तांबूस पट्टा असलेला काळा तितर. हा दुसरा हरियाणाचा राज्यपक्षी आहे. दिल्लीत फेझंटाच्या जागा शोधायच्या म्हणजे या तिघांच्या जागा शोधायच्या, आणि त्यातही खरी परीक्षा तितरांची.

नावाची ओळख आपल्याला जुनीच आहे. याज्ञवल्क्याने ओकून टाकलेली विद्या इतर शिष्यांनी तित्तिर पक्षी होऊन टिपली आणि त्यावरून वेदाची तैत्तिरीय शाखा झाली, अशी कथा आहे. मीमांसकांनी तर कपिंजल, म्हणजे बहुतेकांच्या मते तितरच, पुढे करून एक आख्खे अधिकरण लढवले आहे: वचनात 'कपिंजल अर्पावेत' असे बहुवचन असेल तर नेमके किती? निर्णय झाला, तीन. कारण बहुवचन तिथे सुरू होते आणि तेवढ्याने काम भागते. रानात मात्र तीन मोजून थांबू नये. वीण नसते तेव्हा तितरे पाच-सहाच्या टोळीनेही हिंडतात.

पांढरी छाती, गडद तंगडी

तितर कुठे राहतो हे समजण्याची किल्ली स्वयंपाकघरात आहे. कोंबडीचा रस्सा वाढताना तंगडीचा तुकडा गडद दिसतो आणि छातीचा पांढरा. तंगडीच्या स्नायूंत प्राणवायू साठवून ठेवणारे लालसर प्रथिन भरपूर असते. असा स्नायू शेगडीतल्या निखाऱ्यासारखा तासन्‌तास धगधगत राहतो. छातीच्या पांढऱ्या स्नायूत हे प्रथिन कमी. तो साठवलेल्या साखरेवर, प्राणवायूची वाट न पाहता, एकदम भडकतो आणि तितक्याच लवकर विझतो, दिवाळीतल्या बाणासारखा. कबुतराचे किंवा स्थलांतर करणाऱ्या बदकाचे मांस छातीतही गडद असते, कारण त्यांना लांब उडायचे असते. कोंबडीच्या कुळाने उलटा सौदा केला आहे. दिवसभर चालायचे, आणि अगदीच जिवावर बेतले तर पंखांचा फडफडाट करत उसळायचे, शंभर-दोनशे मीटर पलीकडे पडायचे, आणि पुन्हा चालू लागायचे. एकाच पक्ष्याला पाठोपाठ तीन-चार वेळा उठवले तर तो थकून जागीच दबतो. जुने शिकारी नेमका याचाच फायदा घेत.

या सौद्याचा परिणाम फार दूरवर जातो. कावळा सकाळी यमुनेवर आणि दुपारी चांदणी चौकात असू शकतो. त्याला गरजेच्या वस्तू विखुरलेल्या असल्या तरी चालते. तितराला सगळा बाजारहाट पायी करायचा आहे. म्हणून त्याचे घर, दुकान, न्हाणीघर आणि झोपायची खोली एका फेरफटक्यात बसली पाहिजे. चारांपैकी एक जरी सहा पदरी रस्त्यापलीकडे गेली, तर नकाशावर जंगल शिल्लक दिसते पण पक्ष्याच्या हिशेबात ते मोडलेले असते. गुडगाव-फरीदाबाद रस्ता अरवलीचे असेच दोन तुकडे करून जातो.

या चार गोष्टी कोणत्या? पहिली, आडोसा: काटेरी, बुडापासून दाट, पण खालून पळता येईल असे झुडूप. ससाणा वरून येतो आणि मुंगूस बाजूने, दोघांपासून बचाव हवा. दुसरी, खाणे: गवताचे आणि तणाचे बी, सांडलेले धान्य, वाळवी, भुंगेरे. हे उघड्या, विरळ जमिनीवर मिळते, दाट सावलीत नाही. तिसरी, धूळ. अंगावरचे किडे आणि जादा तेल झाडण्यासाठी हे पक्षी मातीत लोळतात. म्हणून कोरडी, भुसभुशीत, उन्हाची जागा लागते, आणि तिथे पडलेले परातीएवढे उथळ खळगे हा पक्षी नांदत असल्याचा पक्का पुरावा. चौथी, रात्रीचा मुक्काम: करडा तितर काटेरी ठेंगण्या झाडावर टोळीने चढून बसतो, मोर उंच झाडावर. पाण्याचा उल्लेख मुद्दाम शेवटी केला, कारण दव, कोवळे कोंब आणि किडे यांतून बरीच तहान भागते. डबके जवळ असले तर उत्तम.

आता या यादीकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. आडोसा आणि उघडी जमीन या परस्परविरोधी मागण्या आहेत. दोन्ही एकाच ठिकाणी पूर्ण होत नाहीत. जिथे एक संपते आणि दुसरी सुरू होते तिथेच त्या जवळजवळ मिळतात. म्हणून हा पक्षी जंगलाचा नाही आणि माळाचाही नाही, तो काठाचा आहे. शेताचा बांध, पायवाटेची कड, ओढ्याची दरड, खाणीचा सोडून दिलेला उतार. मराठी माणसाला बांधाचे मोल समजावून सांगायला नको. वीतभर बांध कोरला म्हणून दोन-दोन पिढ्या कोर्टाची पायरी चढणारी घरे गावोगाव आहेत. त्या भांडणात तितर हा तिसरा पक्षकार असतो, फक्त त्याला वकील नसतो. बांध कोरला जातो तेव्हा धान्य मूठभर वाढते, आणि झुडूप, तण, धूळ व घरटे एकदमच जाते.

खडक आणि खादर

दिल्लीचे भाग्य असे की इथे दोन निराळे भूभाग एकमेकांना भिडतात. दक्षिण आणि पश्चिमेला अरवलीची शेवटची शेपटी, जिला दिल्लीकर 'रिज' म्हणतात: लालसर खडक, पातळ माती, बोर, करीर, बाभूळ, आणि धौ, म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद. पूर्वेला यमुनेचा पट्टा. त्यातही पुराचे पाणी जिथे दरसाल नवा गाळ टाकते ते खादर आणि उंचावरची जुनी गाळजमीन ते बांगर, असा फरक तिथला शेतकरी करतो. करडा तितर खडकाचा आणि बांगराचा, काळा तितर खादराचा. काळ्याला उंच, दाट, ओलसर आडोसा आवडतो: सरकंडा, कांस, ऊस, नदीकाठची गव्हाची शेते. करड्याला खुरटे आणि कोरडे चालते, किंबहुना तेच हवे असते. बांगरातल्या उसाच्या आणि कालव्याच्या कडेला दोघांची गाठ पडते, पण सर्वसाधारणपणे पायाखालची माती पाहून कोणता तितर हाक देईल हे आधीच सांगता येते.

फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात रिजवर शिकारखाने बांधले. चाणक्यपुरीजवळच्या झाडीतला मालचा महाल, करोलबागेकडचा भूली भटियारीचा महाल, उत्तर रिजवरचा कुश्क-ए-शिकार. हे त्यांतले आजही उभे असलेले किंवा ओळखू येणारे. त्याने मेरठहून आणलेला अशोकाचा स्तंभ याच कुश्क-ए-शिकारपाशी रोवला. या वास्तूंना इतिहासात जागा मिळाली ती राजाच्या हौसेमुळे, पण त्यांची जागा नकाशावर पाहिली तर हौसेमागचा हिशेब दिसतो. उत्तर रिजवर उभे राहिले की पाठीशी खडकाळ झुडपी रान आणि पुढ्यात थोड्याच अंतरावर यमुनेचे खादर. दोन्ही प्रकारची शिकार एका मुक्कामातून. सहाशे वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांनाही काठाचे गणित पाठ होते, असा माझा निष्कर्ष आहे.

आज जागा कुठल्या? दक्षिणेला असोला-भट्टी अभयारण्य, सुमारे ३२ चौरस किलोमीटर. त्यातला भट्टीचा भाग म्हणजे गिलाव्यासाठी लागणारी 'बदरपूर' वाळू उपसून खड्डे पडलेल्या खाणी. खाणकाम थांबल्यावर खड्ड्यांत पाणी साठले आणि उतारांवर झुडपे आली. म्हणजे माणसाने चुकून कडाच कडा असलेली जमीन बनवून ठेवली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र तिथे आहे. जवळच फरीदाबाद जिल्ह्यातली मांगरबनी: गुदडिया दास बाबांच्या नावाने गुर्जर गावांनी राखलेले धौचे रान, जिथली काटकीही तोडायची नाही असा दंडक. आपण तिला सरळ देवराई म्हणू. गुडगावचे अरवली जैवविविधता उद्यान हीसुद्धा जुनी खाण. २०१० नंतर नागरिकांच्या पुढाकाराने तिथे देशी झाडे लागली. काळ्या तितरासाठी वजिराबादजवळचे यमुना जैवविविधता उद्यान आणि त्यापुढचे उत्तरेकडचे खादर, तसेच सुलतानपूर तलावाभोवतीची शेते. सुलतानपूरला बहुतेक लोक पाणपक्षी पाहायला जातात आणि दुर्बीण सतत पाण्याकडे रोखून ठेवतात. पाठीमागच्या शेताकडे पाहिले तर तिकीट अधिक वसूल होईल.

कानाने शोधायचा पक्षी

तितराचा रंग मातीचा असतो, त्यामुळे डोळ्यांनी शोधणारा निम्मे पक्षी तुडवायच्या बेतात येईपर्यंत हुकवतो. त्याचा पत्ता कानाला लागतो, आणि वेळ पहाटेची. याचे कारण पक्ष्याइतकेच हवेतही आहे. स्वच्छ, निवांत रात्री जमीन गार होते आणि तिच्या लगतची हवाही. वरची हवा त्यामानाने उबदार राहते. थंड हवेत ध्वनी सावकाश जातो, उबदार हवेत भरभर. त्यामुळे ध्वनीचा वरचा भाग पुढे पळतो, खालचा रेंगाळतो, आणि एकूण लाट जमिनीकडे वाकते. बैलजोडीतला एक बैल जोरात चालला की गाडी दुसऱ्याच्या अंगाला वळते, तशी. दुपारी तापलेल्या जमिनीमुळे हाच खेळ उलटा होतो आणि हाक आकाशात विरते. गार हवेवर गरम हवेचे हे झाकण दिल्लीकरांच्या चांगल्या परिचयाचे आहे; हिवाळ्यात धूर कोंडून धरते ते हेच.

नर हाक देतो ती मुख्यतः हद्द सांगायला: इथवर माझे. म्हणून दोन हाका एकमेकींना उत्तर देत असतील तर त्यांच्या मधोमध कुठेतरी सीमा आहे, आणि किती नर किती जागेत राहतात याचा अंदाज बसल्या जागी येतो. एका ठिकाणी उभे राहून हाकेची दिशा टिपायची, शेदोनशे पावले बाजूला जाऊन पुन्हा टिपायची. दोन रेषा जिथे छेदतात तिथले झुडूप म्हणजे पक्ष्याचा पत्ता. पारंपरिक पारध्यांनी या स्वभावावर व्यवसाय उभा केला होता. उत्तरेत बहेलिये आणि मीरशिकार, आपल्याकडे फासेपारधी. पाळीव तितर पिंजऱ्यात घालून मोक्याच्या जागी ठेवायचा, तो ओरडला की हद्दीचा मालक तावातावाने धावून येतो आणि भोवती मांडलेल्या फासांत पाय अडकवतो. पक्ष्याचा मानीपणाच त्याच्या गळ्याशी येतो. हीच विद्या पुढे विज्ञानाच्याही कामाला आली: पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा माग काढण्याच्या मोहिमांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मीरशिकारांचे कसब वापरले. मोबाइलवर ध्वनिमुद्रित हाक वाजवून नर पुढे आणणारे हौशी छायाचित्रकार मात्र पिंजऱ्याचाच डाव खेळत असतात, फास तेवढा नसतो. विणीच्या दिवसांत खोट्या शत्रूशी झुंजण्यात वेळ दवडणारा नर खऱ्या शत्रूला आणि जोडीदाराला वेळ देऊ शकत नाही.

काळ्या तितराची हाक मार्चपासून पावसाळ्यापर्यंत विशेष जोरात असते. मातीच्या ढिगावर किंवा खुंटावर उभा राहून, मान ताठ करून तो एक खरखरीत, ठेक्यातली ओळ पुन्हापुन्हा म्हणतो. बाबराने आपल्या आठवणींत नोंदवले आहे की लोकांना तीत दूध आणि साखर असल्याची घोषणा ऐकू येते. उत्तर भारतातल्या भाविकांना ईश्वराच्या लीलेची स्तुती ऐकू येते. भाजीवाल्यांना म्हणे लसूण, कांदा, आले. ज्याच्या मनात जे.

> जागा वाचताना
> झुडूप आणि उघडी जमीन जिथे भिडतात ती कड आधी शोधा. मधले दाट रान किंवा मधला मोकळा माळ नंतर.
> झुडूप बुडाशी दाट आहे का, गुडघ्याएवढ्या उंचीवर वाकून पाहा. पक्षी तेवढ्याच उंचीवरून जग पाहतो.
> मातीतले उथळ खळगे, तीन बोटांचे ठसे, वाळवीची उकरलेली घरे हे पुरावे.
> कोरडा खडक असेल तर करडा तितर, ओले उंच गवत असेल तर काळा.
> सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचा, हाका मोजा, वाट सोडू नका, कुत्रा सोबत नेऊ नका.

हिरवे म्हणजे चांगले?

इथवरच्या विवेचनावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे तो मोराचा. काठ, धूळ, बुडाशी दाट झुडूप हे सगळे इतके महत्त्वाचे असेल तर जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आवारात आणि चाणक्यपुरीच्या बंगल्यांत मोर कसे सुखात आहेत? उत्तर मोराच्या आकारात आणि माणसाच्या श्रद्धेत आहे. प्रौढ मोराला मांजर किंवा मुंगूस हात लावत नाही. रात्री तो उंच झाडावर जातो, त्यामुळे खालच्या झुडपाची त्याला तितकी गरज नाही. तो दाणे, किडे, सरडे, फुले, फेकलेली पोळी, काहीही खातो. आणि कार्तिकेयाचे वाहन, कृष्णाच्या मुकुटातले पीस म्हणून लोक त्याला मारत नाहीत, उलट ज्वारी टाकतात. मोर दिसला म्हणजे जागा चांगली असा अर्थ काढणे म्हणूनच चुकीचे. तो सांगतो की माणसे प्रेमळ आहेत. जमिनीविषयी सांगतो ते तितर.

दुसरा आक्षेप झाडांच्या बाजूने येतो. दिल्लीची रिज हिरवीगार आहे, मग तितर वाढायला नकोत का? रिजचे पुष्कळसे हिरवेपण विलायती कीकरीचे आहे. आपल्याकडे हिलाच वेडी बाभूळ म्हणतात. मूळ अमेरिका खंडातले हे झाड नवी दिल्ली उभी राहताना खडकाळ टेकाड लवकर हिरवे करण्यासाठी लावले गेले आणि मग त्याने आवरते घेतलेच नाही. जिथे तिची दाट छत्री जमते तिथे खाली ऊन पोहोचत नाही, गवत मरते, गवताबरोबर बी आणि किडे जातात. उपग्रहाच्या चित्रात तो हिरवा ठिपका असतो; तितराला ते रिकामे फडताळ. तरीही वेडी बाभूळ सर्वस्वी टाकाऊ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. विरळ वाढलेली, कडेची, गुरांनी खुरडलेली बाभूळ करड्या तितराला उत्तम काटेरी आसरा देते, आणि एका रात्रीत सगळी तोडून टाकली तर आडोसाच नाहीसा होतो. तिला विरळ करत करत खाली देशी गवत आणि बोर-करीर येऊ द्यायचे, हा सावकाशीचा मार्ग शहाणपणाचा. झाडे लावणे हे पुण्य आहे अशी आपली ठाम समजूत असल्यामुळे गवताळ तुकडा दिसला की रोपे घेऊन धावणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांना थांबवायला कुणी धजत नाही.

पिल्लांचे जेवण

आणखी एक दुवा डोळ्यांना दिसत नाही म्हणून निसटतो. मोठा तितर दाण्यांवर जगतो, पण त्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस जवळजवळ किड्यांवरच वाढते. पिसे आणि स्नायू भराभर बनवायला प्रथिन लागते; दाण्यात ते पुरेसे नाही. इंग्लंडमध्ये डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने १९६८ पासून ससेक्सच्या टेकड्यांवर करड्या पार्ट्रिजचा, म्हणजे आपल्या तितराच्या दूरच्या चुलतभावाचा, वर्षानुवर्षे अभ्यास केला. पक्षी झपाट्याने घटत होते आणि संशय शिकाऱ्यांवर व कोल्ह्यांवर होता. मोठे कारण निघाले तणनाशक. औषधाने पक्षी मरत नव्हते; तण मरत होते, तणावरचे किडे उपाशी जात होते आणि किड्यांवरची पिल्ले त्यामागून. पिकाच्या कडेचा जेमतेम सहा मीटरचा पट्टा फवारणीविना सोडला तर जगणाऱ्या पिल्लांची संख्या वाढते, हेही तिथल्या प्रयोगांत दिसले. पुन्हा कडच. सोनीपत, पलवल, बुलंदशहर भागातल्या गहू-भाताच्या शेतांत तण राहू न देणे हा आज चांगल्या शेतीचा निकष आहे, आणि बांध जितका सपाट तितका ट्रॅक्टर सुखाने वळतो. तिथे घटत्या हाकांचे कारण शोधायचे तर बंदुकीआधी फवारणीच्या पंपाकडे पाहायला हवे, असे मला वाटते.

मग शिकारी काय वाईट होते?

शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार. अमेरिकेत शिकाऱ्यांच्याच पैशाने आणि आग्रहाने फेझंटांसाठी गवताळ जमिनी राखल्या जातात. १९८२ मध्ये मिनेसोटात सुरू झालेली 'फेझंट्स फॉरेव्हर' ही संस्था त्याच जातकुळीची. इंग्लंडातले पार्ट्रिजचे संशोधनही शिकार करणाऱ्यांच्या संस्थेच्या पाठबळाने झाले. मग आपण बंदी घालून हितसंबंधी माणसालाच बाहेर काढले नाही का? यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवे. जागेत कुणाचा तरी स्वार्थ असला की जागा टिकते. त्यातच, ठरावीक जागेत ठरावीक पक्षीच मावतात, एस.टी.तल्या बाकांसारखे. चार प्रवासी उतरले तर थांब्यावर उभे असलेले चार चढतात, पण बाकेच उखडली तर कितीही थांबे घेतले तरी उपयोग नाही. शिकार प्रवासी उतरवते, फवारणी आणि बुलडोझर बाके उखडतात.

तरीही अमेरिकेची तुलना इथे लागू पडत नाही. तिथला गळ्यात पांढरा पट्टा असलेला फेझंट मूळचा तिथला नाहीच. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओवेन डेनी या अमेरिकन वाणिज्यदूताने शांघायहून ओरेगॉनला पाठवलेल्या पक्ष्यांनी त्याचा जम बसला, आणि आज तो साउथ डकोटाचा राज्यपक्षी आहे. ब्रिटनमध्ये तर दरवर्षी कोट्यवधी फेझंट उबवून, वाढवून शिकारीसाठीच सोडतात. ती एक प्रकारची कुक्कुटपालनाची शाखा झाली. आपले तितर आणि मोर इथलेच, त्यांना मागून भर घालणारे कुणी नाही. शिवाय आपल्याकडची चोरटी शिकार परवान्याने, हंगाम पाहून होत नाही. ती ऐन विणीत, हाक देणारा नर हेरून फासाने होते, म्हणजे बसमधून थेट वाहकालाच उतरवण्यासारखी. म्हणून बंदी रास्त आहे, पण अपुरी. कायदा पक्ष्याला हात लावू देत नाही आणि त्याच्या बांधाला, कडेला, पडीक तुकड्याला कुणीही हात लावला तर त्याबद्दल बहुधा काही म्हणत नाही. महसुली कागदावर असल्या जमिनीची नोंद 'पडीक' अशी होते. त्यात आता भटक्या कुत्र्यांची भर आहे. बंधवाडीच्या कचराडोंगरावर पोसलेल्या टोळ्या अरवलीत शिरतात, आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला बंदुकीपेक्षा कुत्र्याच्या नाकापासून लपणे कठीण.

राजधानी क्षेत्रात राहणाऱ्या वाचकाला एक काम सुचवावेसे वाटते. मार्च-एप्रिलमधल्या कुठल्याही रविवारी, उजाडण्यापूर्वी, घराजवळच्या अशा एका पडीक तुकड्याच्या कडेला पंधरा मिनिटे उभे राहा आणि किती निरनिराळ्या दिशांनी हाका येतात ते मोजा. आकडा, तारीख आणि जागा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. पुढच्या वर्षी त्याच रविवारी, त्याच जागी पुन्हा. तुकड्यावर उद्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला, तर तिथे काय होते हे सांगायला निदान तुमची नोंद हाताशी असेल.